वर्षश्राद्धानंतर

मृत्यूनंतरच्या पहिल्या तेरा दिवसांची व्यवस्था आपल्या समाजाने जितकी काटेकोरपणे लावून ठेवली आहे, तितकी दुसऱ्या कोणत्या प्रसंगाची क्वचितच लावली असेल. दहाव्याला घाटावर कोणी जावयाचे, पिंडाला कावळा शिवला नाही तर मृताची राहिलेली इच्छा कोणी मोठ्याने बोलून दाखवावयाची, तेराव्याच्या गोड जेवणाला कोणाकोणाला सांगावयाचे, दुखवट्याचे कपडे कोणत्या नातलगांनी आणावयाचे, या सर्व प्रश्नांची उत्तरे घरातील वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतात. आणि ज्याचे माणूस गेले त्याला त्या दिवसांत स्वतः होऊन काहीही ठरवावे लागत नाही, हा या विधींचा, त्यांमागील श्रद्धा कोणी मानो वा न मानो, फार मोठा उपकार होय. अन्य धर्मीयांनीही आपापली मुदत बांधून दिली आहे. मुसलमान विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते, कोकणातील बेने इस्राईल कुटुंबे सात दिवस शोक पाळतात, पारशांचे चहारुम चौथ्या दिवशी होते, आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांतील माणसे महिन्याच्या प्रार्थनेला पुन्हा एकत्र जमून दर २ नोव्हेंबरला आपल्या मृतांचे स्मरण करतात. आपल्याकडे वर्षभर घरात सण होत नाही आणि पहिल्या दिवाळीचा फराळ शेजारून येतो. परंतु एकदा वर्षश्राद्ध आटोपले, की समाजाच्या दप्तरी ते प्रकरण निकालात निघते. दुसऱ्या वर्षासाठी आपल्यापाशी ना विधी आहे ना विचारपूस, आणि नेमक्या त्याच वर्षी काही माणसांच्या ध्यानात येते, की जे ओसरावयाचे होते ते ओसरलेलेच नाही. पुढील विवेचन मुख्यतः अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

प्रथम एक भय दूर केले पाहिजे. आठ-दहा महिने उलटल्यावरही एकाएकी रडू कोसळते, मंडईत मृताच्या आवडीची भाजी दिसली की पाय थबकतात, संध्याकाळी ठराविक वेळेला फाटक वाजल्याचा भास होतो, फोनमधील त्याचा क्रमांक पुसावयास हात धजत नाही, एवढ्यावरून कोणी स्वतःस आजारी समजू नये. शोक ठरलेल्या उताराने खाली येत नाही; तो ओसरतो, एखाद्या वाढदिवसाच्या किंवा कपाटात सापडलेल्या दवाखान्याच्या जुन्या बिलाच्या निमित्ताने पुन्हा उसळतो आणि पुन्हा ओसरतो; पाहावयाचे एवढेच, की दोन उसळ्यांमधील अंतर हळूहळू वाढत आहे किंवा नाही. शोकाच्या पाच पायऱ्यांची जी कल्पना हल्ली सर्वत्र प्रचलित झाली आहे, तिचा उगम एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या विदुषींच्या १९६९ सालच्या ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ मरणोन्मुख रुग्णांशी झालेल्या संभाषणांवर आधारलेला आहे. मागे राहिलेल्यांनी अमुक महिन्यात रागावावे आणि तमुक महिन्यात स्वीकार करावा, असे वेळापत्रक म्हणून तो लिहिला गेलेला नाही. तेव्हा आपल्याला राग आलाच नाही म्हणून आपले काही चुकते आहे काय, अशा चिंतेत ज्या सज्जनांनी रात्री घालविल्या असतील, त्यांनी ती चिंता खुशाल सोडून द्यावी.

तथापि काहींचा शोक खरोखरच जागचा हलत नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरात २८ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेतून वाचलेल्यांची आणि मृतांच्या आप्तांची देखभाल करताना एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने जे पाहिले ते त्याने १९४४ साली प्रसिद्ध केले, आणि घसा दाटून येणे, उसासे टाकावे लागणे, पोटात पोकळी वाटणे, अंगातील शक्ती निघून जाणे अशी शोकाची शारीरिक लक्षणे त्याने प्रथमच नीट नोंदवून ठेवली. आठ-दहा भेटी आणि चार-सहा आठवडे यांत साधा शोक मार्गी लागतो, हा त्याचा अंदाज मात्र आज वाचताना भाबडा वाटतो. पुढील पिढ्यांच्या अभ्यासकांना कालमर्यादा पुष्कळच वाढवावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तीत दीर्घकालीन शोकविकाराला स्वतंत्र स्थान मिळाले आणि त्यासाठी निदान सहा महिन्यांची अट घालण्यात आली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्रौढांसाठी बारा महिने आणि मुलांसाठी सहा महिने अशी मुदत ठरविली. दोन्हीकडे आणखी एक शर्त आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते: त्या माणसाच्या समाजात, धर्मात आणि संस्कृतीत जितका शोक स्वाभाविक मानला जातो, त्याच्याही पलीकडे तो गेलेला असला पाहिजे. जेथे वर्षभराचा दुखवटा रूढ आहे तेथे बारा महिन्यांची मर्यादाच अधिक न्याय्य होय. अर्थात माणूस जेवीतच नसेल किंवा जिवावर उदार झाला असेल, तर पंचांग पाहत बसण्याचे कारण नाही.

या अवस्थेची लक्षणे पुस्तकी भाषेत सांगण्यापेक्षा घरगुती भाषेत सांगितलेली बरी. मृताचा ध्यास जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ मन व्यापून असतो. तो गेला हे बुद्धीला कळते, परंतु त्याचे ताट वाढण्याचे थांबत नाही; उलट दुसऱ्या एखाद्या घरी त्याचा एकही फोटो भिंतीवर राहू दिला जात नाही, ज्या रस्त्यावर ते रुग्णालय आहे त्या रस्त्याने रिक्षा नेऊ दिली जात नाही, त्याचे नाव निघाले की माणूस उठून आत जातो. आपल्यातलाच एक भाग त्याच्याबरोबर गेला आणि उरला तो कोणीतरी परका, अशी भावना होते. नातवंडांच्या बारशातही मन बधिर राहते. चारचौघांत बसूनही एकटेपणा जात नाही. आणि डॉक्टरवर, दिरावर, देवावर, पुष्कळदा स्वतःवर धरलेला राग वर्ष उलटले तरी पहिल्या दिवसाइतकाच ताजा असतो. यांपैकी एखादे लक्षण प्रत्येक शोकार्तात सापडेल. अनेक लक्षणे एकत्र येऊन काम, घर आणि माणसे यांपासून त्याला तोडू लागली, तर मात्र उपेक्षा करू नये. नैसर्गिक मृत्यूने माणूस गमावलेल्या प्रौढांपैकी सुमारे दहांत एक जण या अवस्थेला पोहोचतो, असा २०१७ साली अनेक पाहण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष आहे. अपघात, खून, आत्महत्या अशा मृत्यूंमागून हे प्रमाण कितीतरी अधिक असते. अपत्य गमावलेल्यांत आणि जोडीदार गमावलेल्यांतही धोका जास्त. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत ज्यांना आपल्या माणसाचे शेवटचे तोंडही पाहावयास मिळाले नाही, अस्थी तेवढ्या कलशातून हाती आल्या, त्यांच्यापैकी अनेकांचा शोक आजही त्या रुग्णालयाच्या दाराशीच अडून राहिला असेल, तर त्यात नवल नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. विषण्णतेच्या विकारात, ज्याला आपण सर्रास डिप्रेशन म्हणतो, माणसाला सगळेच नकोसे होते आणि स्वतः कवडीमोल वाटू लागतो. दीर्घ शोकात त्याला एकच काही हवे असते आणि तेच नेमके मिळण्यासारखे नसते. दोन्ही एकत्र असू शकतात. परंतु विषण्णतेवरील गोळ्यांनी विषण्णता कमी झाली तरी त्या ध्यासाला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही, असे २०१६ सालच्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. तेव्हा गोळ्या चालू आहेत म्हणजे सर्व इलाज झाला, असे समजून घरच्यांनी निश्चिंत होऊ नये.

आता जीवनाच्या प्रतीचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने ती मोजण्यासाठी तयार केलेल्या छोट्या प्रश्नावलीत २६ प्रश्न आहेत, आणि त्यांतील बहुतेक शरीर, मन, माणसांशी असलेले संबंध आणि भोवतालची परिस्थिती या चार विभागांत मांडलेले आहेत. परिस्थितीच्या विभागात पैसा, राहते घर आणि दवाखान्याची सोय यांचीही विचारणा होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण शोकाचा विचार केवळ मनाच्या अंगाने करण्याची जी सवय लागली आहे तिच्यामुळे उपाय अर्ध्यावरच थांबतात. शोकार्ताने महिन्यातून एकदा, वहीचे एखादे पान घेऊन, या चार विभागांत आपले काय चालले आहे ते स्वतःपुरते लिहून काढावे. झोप किती, जेवण कसे, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या जातात काय, गेल्या आठवड्यात घराबाहेरच्या कोणाशी बोलणे झाले, हाती रोख किती. चार महिन्यांची पाने शेजारी ठेवली म्हणजे कोणता विभाग रुतून बसला आहे ते आपोआप दिसते.

शरीराची हेळसांड क्षुल्लक समजू नये. इंग्लंडमध्ये सुमारे साडेचार हजार प्रौढ विधुरांचा मागोवा घेऊन १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक आढळले आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा होता. आपल्याकडील विधुराची स्थिती याहून बरी असेल असे मानण्यास आधार नाही. चाळीस वर्षे ज्याला चहा हातात मिळाला त्याला साखरेचा डबा कोणत्या फळीवर आहे हे ठाऊक नसते, सकाळच्या गोळ्या पत्नीच पुढे करीत असल्याने त्यांची नावेही माहीत नसतात, आणि शेजारपाजारशी असलेला सगळा घरोबा तिच्याच नावे चाललेला असल्यामुळे ती गेल्यावर दाराची घंटाच वाजेनाशी होते. उलट विधवेला स्वयंपाकघरातील सर्व काही ठाऊक असते, परंतु विम्याचा हप्ता कधी भरावयाचा आणि बँकेच्या लॉकरची चावी कोठे आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून दुसऱ्या वर्षाचा पहिला उद्योग असा, की जोडीदाराने जो कारभार सांभाळला त्यातील एकेक काम शिकून घ्यावे: त्याने कुकर लावावयास शिकावे आणि तिने पासबुक भरून आणावे. मुलांनी सगळेच परस्पर उरकून देण्याची माया येथे अंमळ आवरती घ्यावी.

कागदपत्रांची गोष्टही याच सदरातील. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावयाची असते, आणि वर्ष उलटल्यावर ती दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून होत नाही. जमीन असेल तर वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घ्यावयाचा असतो. बँकेतील ठेवीला नामनिर्देशित म्हणून ज्याचे नाव लावलेले असते तो रक्कम स्वीकारण्यास पात्र असतो, तेवढ्याने बाकीच्या वारसांचा हक्क बुडत नाही, हे आधीच समजून घेतले तर भावाभावांतील निम्मे कज्जे टळतील. ही कामे रखडण्याचे खरे कारण पुष्कळदा आळस नसून भीती असते. दाखल्यावर ते नाव छापलेले पाहण्याचे धैर्य होत नाही, आणि मग एका अर्जापायी निवृत्तिवेतन अडते, त्यापायी उधारी होते, आणि उधारीची लाज वाटून माणसे टाळली जातात. येथे नातलगाने मोघम धीर देण्यापेक्षा एकच प्रकरण अंगावर घ्यावे, दाखल्याच्या दहा नकला काढून आणाव्यात, आणि सही करतेवेळी शेजारी बसावे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेचा शोक तर प्रकरण सरकारी मदतीस पात्र की अपात्र या चौकशीत गुंतून पडतो; पंचनामा, सात-बारा, कर्जाचा पुरावा अशा एकेका कागदाच्या निमित्ताने तिला नवऱ्याच्या मरणाची हकीकत किती वेळा आणि कोणाकोणापुढे सांगावी लागते, याचा विचार त्या टेबलापलीकडील अंमलदारांनी करावा.

विधवेच्या जीवनाची प्रत शोकाने जितकी खालावते, तितकीच ती भोवतालच्या माणसांनी खालावविली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार बंद केले आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. ठराव झाला म्हणजे घराघरांत पालट झाला असे नव्हे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे आणि घरच्या लग्नात तिला पुढे बसविणे, यासाठी कोणत्याही शासकीय परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि या एका गोष्टीने जो फरक पडेल तो समुपदेशनाच्या कित्येक बैठकांनी पडणार नाही.

दुःख करीत राहावे की कामाला लागावे, हा वाद घरोघर चालतो. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या नेदरलंड्समधील अभ्यासकांनी १९९९ साली त्याचे जे उत्तर दिले ते मला पटते: निरोगी शोकात माणूस या दोहोंमध्ये येरझाऱ्या घालीत असतो, सकाळी बँकेत जातो आणि दुपारी फोटोपुढे बसून रडतो, आणि ही ये-जा चालू राहणे हेच प्रकृतीचे लक्षण होय. तेव्हा दिवसभर कामात बुडवून घेणाऱ्याने अर्धा तास ठरवून आठवणींसाठी राखावा, आणि आठवणींतच बुडालेल्याने अर्धा तास ठरवून त्यांच्याबाहेर पडावे. कपाट रिकामे करण्याची घाई नको. परंतु ते कधीच उघडावयाचे नाही असे ठरले असेल, तर एखाद्या विश्वासू माणसाला बरोबर घेऊन एक खण उघडावा, आज काय ठेवावयाचे आणि काय द्यावयाचे तेवढेच ठरवावे आणि उठावे.

शास्त्रोक्त उपचारही याच दिशेने जातो. कॅथरिन शिअर यांनी पिट्सबर्ग येथे योजलेल्या पद्धतीत सुमारे १६ बैठका असतात. मृत्यूची हकीकत डोळे मिटून सावकाश सांगावयाची, तिचे ध्वनिमुद्रण घरी पुन्हा ऐकावयाचे, टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने जावयाचे, मृताशी कल्पनेत बोलावयाचे, आणि त्याबरोबरच स्वतःच्या पुढील आयुष्यातील एखादा आवडीचा हेतू ठरवून त्याकडे पावले टाकावयाची, असा तिचा क्रम आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने ५१ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली, तर नेहमीच्या एका मान्य मानसोपचाराने २८ टक्क्यांत. म्हणजे निम्म्यांना तोही पुरेसा पडला नाही, हे लपविण्यात अर्थ नाही.

मृताशी असलेले नाते तोडल्याखेरीज पुढे जाता येत नाही, हा समज मात्र टाकून द्यावा. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी रमाबाई जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे त्यांनी पुण्याच्या सेवासदनाचा पसारा उभारला, आणि १९१० साली पतीच्या सहवासाच्या आठवणी पुस्तकरूपाने दिल्या. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. सर्वांनीच संस्था काढाव्यात किंवा काव्ये पुरी करावीत असा याचा अर्थ नव्हे, आणि अशी थोर उदाहरणे शोकार्तापुढे धरून त्याला लाजविणाऱ्यांपासून देवाने सर्वांचे रक्षण करावे. वडिलांनी लावलेल्या आंब्याला पाणी घालणे, किंवा आईच्या पद्धतीने मेतकूट करून भाच्यांना पाठविणे, एवढ्यानेही तेच साधते.

समाचाराला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. गर्दी असते तेव्हा जाऊन आलात तर ठीकच. परंतु चौथ्या महिन्यात आणि चौदाव्या महिन्यात पुन्हा जा, आणि मृताचे नाव घेऊन बोला. ‘सुटला बिचारा’, ‘देवाला चांगलीच माणसे लागतात’, ‘मुलांकडे पाहून सावरा’ ही वाक्ये घरीच ठेवून यावे. घरात लहान मूल असेल तर बाबा गावाला गेले असे त्याला सांगू नये. ते गावाची वाट पाहत बसते आणि मोठ्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

मरून त्याच्याकडे जावे असे विचार येऊ लागले, किंवा त्यासाठी साधने जमविण्यापर्यंत मजल गेली, तर त्याच दिवशी मदत मिळवावी आणि त्या माणसाला एकटे ठेवू नये. भारत सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. एरवीही सहा-आठ आठवडे वहीतील पाने तशीच कोरडी राहिली, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी आणि ती वही बरोबर न्यावी, मृत्यूची तारीख आणि कारण प्रारंभीच सांगावे, नाहीतर साध्या निद्रानाशाची चिठ्ठी घेऊन परतण्याची पाळी येते. मुलगा किंवा सून सोबत असल्यास त्यांना पहिली दहा मिनिटे आत बसू द्यावे, आणि नंतर त्यांना बाहेर थांबण्यास सांगून उरलेले बोलणे एकट्याने करावे. घरच्यांविषयीच्या तक्रारी, पैशाची भीती आणि मृताविषयीचा राग या तीन गोष्टी त्यांच्यादेखत सहसा तोंडातून निघत नाहीत.